महानगराच्या वेशीवर घर शोधताना

घर बघायला आपण सुटीच्या दिवशी जातो. राहायचं मात्र आठवड्याचे सातही दिवस असतं. आणि त्यातही सर्वांत जास्त वेळ घरात कोण असणार, हे विचारायचं राहूनच जातं.

रविवारच्या वर्तमानपत्राची पहिली एक-दोन पानं अनेकदा बातम्यांची नसतात, घरांच्या जाहिरातींची असतात. उंचच उंच इमारती, मध्ये निळाशार पोहण्याचा तलाव, हिरवळीवर धावणारी मुलं आणि कॉफीचा कप हातात घेऊन गॅलरीत उभं असलेलं जोडपं. आजी-आजोबा त्या चित्रात क्वचितच असतात. असलेच तर बागेतल्या बाकावर बसून हसत असतात. त्या बाकापर्यंत ते कसे पोहोचले आणि दूध संपल्यावर कुठं जाणार, हे जाहिरात सांगत नाही.

दिल्लीत नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्या मध्यमवर्गीयांना दिल्लीतच स्वतःचं घर घेणं फार कठीण झालं आहे. मुंबईत नोकरी करणारा माणूस जसा ठाणे, डोंबिवली, पनवेलकडे वळतो, तसा दिल्लीकर नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुडगावकडे वळतो. चारही शहरं दिल्लीला अगदी खेटून आहेत, पण नोएडा-गाझियाबाद उत्तर प्रदेशात, तर फरिदाबाद-गुडगाव हरियाणात. हद्द ओलांडली की वीजमंडळ बदलतं, पाणी बदलतं आणि घराच्या कागदपत्रांचे नियमही बदलतात.

मी मूळची पुण्याची, नवरा वाईचा. नोकरीनं आम्हा दोघांना दिल्लीत आणलं आणि पटेल नगरमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या दीड खोल्यांत, आमची नऊ वर्षं गेली. लेक तिथंच लहानाची मोठी होत होती. २०२२च्या उन्हाळ्यात सासरे गेले आणि वाईच्या घरात सासूबाई एकट्या राहिल्या. त्यांना आमच्याकडे आणायचं ठरलं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या बरसातीचा अरुंद जिना आणि अडुसष्ट वर्षांचे गुडघे यांचं जमणार नव्हतं. वर्षानुवर्षं 'बघू, बघू' म्हणून ढकललेला घराचा विषय अखेर समोर येऊन उभा राहिला.

पहिली चाळणी

शहर निवडायला आम्हाला फारसा वेळ लागला नाही. आमची दोघांची कचेरी करोल बागेच्या परिसरात. मेट्रोची ब्लू लाइन तिथून निघून यमुना बँक स्थानकावर दुभंगते. एक फाटा नोएडाला जातो, दुसरा आनंद विहारवरून गाझियाबादच्या वैशालीला. वैशालीपर्यंत मेट्रो आली ती जुलै २०११मध्ये. फरिदाबादलाही मेट्रो जाते, पण आम्हाला मंडी हाउसला गाडी बदलावी लागली असती. गुडगावच्या किमती ऐकूनच आम्ही फोन ठेवला. रोज दोन वेळा गाडी बदलण्याचा त्रास पहिल्या महिन्यात जाणवत नाही, दहाव्या वर्षी जाणवतो. म्हणून एका गाडीत घर गाठता येईल अशी दोनच शहरं आम्ही ठेवली.

नोएडा हे १९७६मध्ये आखून वसवलेलं शहर. रस्ते रुंद, सेक्टर नीटनेटके. मेट्रोजवळच्या सेक्टरांतली घरं आमच्या हाताबाहेरची होती. शिवाय तिथली जमीन सहसा नव्वद वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली असते. घर विकताना प्राधिकरणाची परवानगी लागते आणि हस्तांतरण शुल्कही भरावं लागतं. परवडणारं घर हवं तर पुढं ग्रेटर नोएडा वेस्टला जावं लागत होतं. लोक अजूनही त्याला नोएडा एक्स्टेन्शनच म्हणतात. तिथं मेट्रो नव्हती. प्रॉपर्टी डीलरच्या भिंतीवरच्या नकाशात मात्र होती. ठळक रंगात आणि स्थानकांच्या नावांसकट.

अठराव्या मजल्यावरून

नवऱ्याला तिथलाच एक फ्लॅट मनापासून आवडला. अठरावा मजला, तीन खोल्या, भरपूर उजेड. खाली क्लब, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव. दिवाळीनंतर सासूबाई दिल्लीला आल्या तेव्हा एका रविवारी आम्ही त्यांनाही दाखवायला नेलं. फाटकावर सुरक्षारक्षकानं नावं लिहून घेतली, फोन लावून खात्री केली, मग आत सोडलं. लिफ्टपाशी सात-आठ मिनिटं थांबलो. दोनपैकी एक बंद होती.

सासूबाईंनी घर बारकाईनं पाहिलं. ओट्याची उंची बघितली, न्हाणीघरात पाणी कुठं साचेल ते पाहिलं. मग गॅलरीत जाऊन बराच वेळ खाली बघत उभ्या राहिल्या.

"घर छान आहे गं," त्या म्हणाल्या. "पण इथून माणसं नुसती दिसतात, ओळखू येत नाहीत."

वाईत त्यांचा दिवस घाटावरच्या ढोल्या गणपतीपासून सुरू व्हायचा. परत येताना भाजी, वाटेत दोन घरी बसणं, कुणाच्या सुनेला डोहाळे लागलेत, कुणाचं पेन्शन अडकलंय याची विचारपूस. चाळीस वर्षं असं जगलेल्या बाईला हिंदीही जेमतेम यायचं. त्या रात्री जेवताना त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही ते घर घ्या. मला आनंदच आहे. मी मात्र वाईलाच राहीन म्हणते. मधूनमधून येत जाईन." आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या झोपल्यावर आम्हा नवरा-बायकोत बरीच वादावादी झाली. त्याचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. "घर वीस वर्षांच्या कर्जावर घ्यायचंय. उद्या विकायचं झालं तर किंमत कुठल्या घराला येईल? जुन्या चार मजली इमारतीला की नव्या सोसायटीला? आईला सवय होईल हळूहळू."

सवय होईल, हे मला पटत नव्हतं. पण नुसतं 'पटत नाही' म्हणून भागणार नव्हतं. लाखांचा प्रश्न होता.

एक साधा तक्ता

दुसऱ्या दिवशी मी लेकीच्या जुन्या वहीतलं एक पान फाडून घेतलं आणि चौघांची नावं लिहिली. पुढं एकच रकाना : सोमवार ते शुक्रवार, जागेपणी घरात किती तास?

नवरा तीन तास. मी साधारण चार. लेक सहा-सात. सासूबाई पंधरा.

ज्या घरासाठी आम्ही दोघं भांडत होतो, त्या घरात आम्ही दोघं मिळूनही सासूबाईंच्या निम्मा वेळ असणार होतो. मग दुसरा रकाना आखला : घरासाठी रोज खाली कोण उतरणार? दूध, भाजी, औषधं आणि दुपारी अडीच वाजता शाळेच्या बसमधून लेकीला उतरवून घेणं. प्रत्येक ओळीसमोर सासूबाईंचंच नाव येत होतं. पोहण्याच्या तलावासमोर लेकीचं नाव होतं खरं, पण सात वर्षांच्या मुलीला तलावावर एकटं कोण सोडणार? बरोबर जायला पुन्हा सासूबाईच.

नवऱ्यानं ते पान बराच वेळ वाचलं. घर आमच्या पगारावर उभं राहणार होतं, पण चालणार होतं ते त्याच्या आईच्या पायांवर. प्रश्न आईसाठी त्याग करायचा की नाही हा नव्हताच. त्या वाईला परत गेल्या असत्या तर लेकीसाठी पाळणाघर शोधावं लागलं असतं आणि दोघांपैकी एकाची नोकरी ओढाताणीत सापडली असती. "तळमजला किंवा पहिला मजला बघू," तो म्हणाला आणि आमचा शोध नव्यानं सुरू झाला.

रविवारचं घर, मंगळवारचं घर

पुढचे तीन महिने आम्ही गाझियाबादचा हिंडन नदीच्या अलीकडचा, म्हणजे दिल्लीच्या बाजूचा भाग पालथा घातला. कौशांबी, वैशाली, इंदिरापुरम, वसुंधरा. एक नियम मात्र केला. रविवारी आवडलेलं घर कामाच्या दिवशी संध्याकाळी सहानंतर पुन्हा बघायचं. शक्य झालं तर सकाळी सातलाही.

या एका नियमानं निम्मी घरं गळली. ग्रेटर नोएडा वेस्टच्या चारमूर्ती चौकात एका मंगळवारी आम्ही पाऊण तास अडकलो. रविवारी तोच चौक पाच मिनिटांत ओलांडला होता. कौशांबीत मेट्रो दाराशी, पण पलीकडेच आनंद विहारचा आंतरराज्य बसअड्डा आणि रेल्वेचं टर्मिनल. रात्री अकरालाही बसचे भोंगे वाजत होते. शिवाय गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर तिथून दूर नाही. याच डोंगराचा एक भाग सप्टेंबर २०१७मध्ये कोसळून दोन माणसांचा जीव गेला होता. वाऱ्याची दिशा फिरली की त्याचा वास खिडकीत येतो, हे सकाळच्या भेटीत कळत नाही.

इंदिरापुरममधल्या भागांची नावं मला फार आवडली. न्यायखंड, ज्ञानखंड, नीतिखंड, अहिंसाखंड. बाजार उत्तम, शाळा भरपूर. पण आमच्या ऐपतीतली घरं वरच्या मजल्यांवर होती किंवा मेट्रोपासून रिक्षानं बरीच लांब.

आणखी एक गोष्ट शिकलो. डीलरला प्रश्न विचारण्यापेक्षा बाकावर बसलेल्या बायकांना विचारावेत. डीलर म्हणतो, "पाण्याचा काहीच त्रास नाही." बायका म्हणतात, "गंगाजल येतं, पण दसऱ्याला बंद होतं." या भागाला आणि नोएडाच्या बऱ्याच भागाला गंगेच्या कालव्यातून पाणी मिळतं. दरवर्षी साधारण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तो कालवा साफसफाईसाठी बंद ठेवतात. ऐन सणासुदीत घरोघरी बोअरच्या पाण्यावर किंवा टँकरवर भागवावं लागतं. बोअरचं पाणी इतकं जड की डाळ शिजत नाही आणि नळाच्या तोंडाशी पांढरे थर साचतात. मी तर नंतर प्रत्येक घरात आधी न्हाणीघरातला नळच बघायला लागले. नळ कधी खोटं बोलत नाही.

कागदांचा डोंगर

आम्ही घर शोधत होतो त्याच वर्षी, २८ ऑगस्ट २०२२ला, नोएडाच्या सेक्टर ९३-अमधले सुपरटेकचे दोन उत्तुंग मनोरे स्फोटकं लावून काही सेकंदांत पाडण्यात आले. बांधकामाचे नियम मोडून उभारलेले म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०२१ला ते पाडण्याचा आदेश दिला होता. शेजारच्या इमारतींतल्या रहिवाशांनी २०१२पासून कोर्टात लढून तो मिळवला होता. त्याआधी जुलै २०१९मध्ये आम्रपाली समूहाची नोंदणी न्यायालयानं रद्द केली आणि अर्धवट इमारती पूर्ण करण्याचं काम एनबीसीसी या सरकारी कंपनीवर सोपवलं. हजारो कुटुंबं एकीकडे घरभाडं आणि दुसरीकडे न मिळालेल्या घराचे हप्ते भरत होती. माझ्या ओळखीतही असं एक घर आहे. म्हणून 'बांधकाम चालू आहे, आता घेतलं तर स्वस्त' हा मोह आम्ही टाळला आणि उभं असलेलं, माणसं राहत असलेलंच घर घ्यायचं ठरवलं.

नव्या इमारतीत घर घ्यायचंच असेल तर रेरा कायद्यानं ग्राहकाच्या हातात काही चांगली साधनं दिली आहेत. हा कायदा २०१६चा. त्याची उरलेली कलमंही १ मे २०१७पासून लागू झाली. नोंदणी करणं ज्या प्रकल्पाला बंधनकारक आहे, त्याची जाहिरातही नोंदणीशिवाय करता येत नाही. लेखी करार नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरनंच दुरुस्त करून द्यायचा असतो.

दिल्लीच्या आसपास 'सुपर एरिया' हा शब्द फार कानावर पडतो. त्यात जिना, लिफ्ट, व्हरांडा यांतला आपला वाटाही मोजलेला असतो. अठराव्या मजल्यावरचा तो फ्लॅट सांगायला साडेबाराशे चौरस फुटांचा होता. कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, साडेआठशेच्या आसपास. सतरंजी आपण कार्पेट एरियात अंथरतो, सुपर एरियात नाही. तेव्हा भाव त्यावरच काढून बघावा.

जे मिळालं, जे सोडलं

शेवटी वसुंधरेत घर मिळालं. हा भाग उत्तर प्रदेशच्या आवास विकास परिषदेनं वसवला. चार मजली इमारतीतला पहिला मजला, दोन खोल्या, समोर छोटी बाग. घर जुनं होतं, म्हणून पहिल्या वाटपपत्रापासून आमच्यापर्यंत ते किती हातांतून आलं त्याची सगळी साखळी वकिलाकडून तपासून घेतली. बँकेचा बोजा, वीज, पाणी आणि घरपट्टीची थकबाकी नाही याचे कागद मागून घेतले. खरेदीखत माझ्या नावावर केलं, कारण उत्तर प्रदेशात स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते.

सोडावं लागलं तेही सांगायला हवं. क्लब नाही, तलाव नाही, लिफ्ट नाही. गाडी लावण्यावरून रोज कुणाचं तरी भांडण होतं. पावसाळ्यात एका भिंतीला ओल येते. वैशालीच्या मेट्रोपर्यंत ई-रिक्षात तिघांच्या शेजारी चौथं दाटीवाटीनं बसावं लागतं. हिवाळ्यात धुरकं इथंही तितकंच. नोव्हेंबरमध्ये सासूबाईंचं सकाळचं फिरणं बंदच ठेवावं लागतं. उद्या विकायला काढलं तर नव्या सोसायटीइतकी किंमत येणार नाही, हे नवऱ्याचं म्हणणं आजही खरं आहे.

एक लाभ मात्र न मागता झाला. आम्ही घर घेतलं तेव्हा जवळच साहिबाबादला नव्या वेगवान रेल्वेचे खांब उभे होते. ती 'नमो भारत' गाडी ऑक्टोबर २०२३मध्ये साहिबाबादहून दुहाईच्या दिशेनं सुरू झाली आणि जानेवारी २०२५मध्ये दिल्लीतल्या न्यू अशोक नगरपर्यंत पोहोचली. नकाशातल्या रेघेवर विसंबून कधी पैसे देऊ नयेत. खांब उभे दिसले तर थोडा विचार करायला हरकत नाही.

तुम्ही घर बघत असाल तर

प्रत्येक घराची गरज वेगळी असते. तुमच्याकडे कदाचित तान्हं बाळ असेल, बारावीचा मुलगा असेल, घरून काम करणारी सून असेल. त्यांच्यासाठी अठरावा मजलाच योग्य ठरेल. आमच्या शेजारणीच्या मुलीनं तसंच घर घेतलं आणि ती तिथं खूश आहे. पण फ्लॅटची किल्ली हातात घेण्यापूर्वी एवढं जरूर करा :

घरातल्या प्रत्येकाचे जागेपणीचे तास लिहून काढा आणि ज्याचे तास जास्त, त्याला घर दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.

कामाच्या दिवशी संध्याकाळी, आणि जमलं तर एका पावसाळी दिवशीही, तो परिसर बघून या.

कचेरीपासून घरापर्यंतचा प्रवास एकदा तरी खराखुरा करा. शेवटच्या दोन किलोमीटरसकट.

पाणी कुठून येतं, कधी बंद होतं, वीज गेल्यावर काय होतं आणि देखभालीचा महिन्याचा खर्च किती, हे तिथं राहणाऱ्यांना विचारा.

जमत असेल तर त्याच भागात अकरा महिने भाड्यानं राहून बघा. भाड्याचे पैसे वाया गेले असं वाटेल, पण वीस वर्षांच्या कर्जापुढं ती रक्कम लहान असते.

सासूबाईंचं म्हणाल, तर त्यांना इथं रुळायला वर्ष लागलं. सुरुवातीला दुपारी त्या खिडकीशी नुसत्या बसून असत आणि मला कचेरीत जीव लागत नसे. मग भाजीची हातगाडी घेऊन येणाऱ्या बाईशी त्यांचं जमलं. ती त्यांच्यासाठी मेथीची कोवळी जुडी बाजूला ठेवते आणि या तिला लसणीची चटणी देतात. त्यांचं हिंदी अजूनही निम्मं मराठीच आहे, पण आता हिशेबात कुणी त्यांना फसवत नाही. खालच्या घरातली बंगाली आजी आणि त्या मिळून दुपारी अडीचला बस थांब्यावर जातात. एक आपल्या नातवाला आणते, एक नातीला. दोघींना एकमेकींची भाषा कितपत कळते, मला शंका आहे. बस यायच्या मात्र वीस मिनिटं आधीच त्या तिथं जाऊन उभ्या असतात.